देवेन वर्मा: तीन पुरस्कार मिळूनही यादीबाहेर राहिलेले विनोदी अभिनेते

शब्दांकित (धागाकर्ता):

हिंदी चित्रपटांतल्या विनोदी नटांचा विषय निघाला की जॉनी वॉकर, मेहमूद, असरानी, जॉनी लीव्हर ही नावे आपोआप ओठांवर येतात. देवेन वर्मा यांचे नाव मात्र कोणीतरी आठवण करून द्यावे लागते, आणि ते निघाले की सगळे जण 'हो, अंगूर!' एवढे म्हणून पुढच्या नावाकडे वळतात. मला याचे नेहमी नवल वाटत आले आहे.

ज्यांना फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जन्म १९३७ चा, घराणे कच्छी, पण वाढले पुण्यात आणि शिकले नौरोसजी वाडिया महाविद्यालयात. १९६१ साली यश चोप्रांच्या 'धर्मपुत्र'मधून पडद्यावर आले. अशोककुमार यांची कन्या रूपा गांगुली या त्यांच्या पत्नी. २ डिसेंबर २०१४ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. 'चोरी मेरा काम' (१९७५), 'चोर के घर चोर' (१९७८) आणि 'अंगूर' (१९८२) या तीन चित्रपटांसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट विनोदी अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. उत्पल दत्त यांनाही याच विभागात 'गोलमाल', 'नरम गरम' आणि 'रंग बिरंगी'साठी तीनच पुरस्कार मिळाले होते, आणि उत्पल दत्त यांना कोणी विसरलेले नाही.

माझे मत असे की देवेन वर्मांची खरी करामत समोरचा माणूस बोलत असताना दिसते. त्या वेळी त्यांचा चेहरा पाहावा. सांगितलेली वेडगळ गोष्टही ते आधी खरी मानतात, मग तिच्यावर विचार करतात, आणि हसू येते ते त्या विचार करण्याचे. तरीही ते यादीत का नाहीत? मंडळींची मते वाचायला आवडतील.

पिटातला_प्रेक्षक:

नम्रपणे असहमत. 'अंगूर'चे श्रेय गुलजार यांच्या लेखणीचे आणि संजीवकुमार यांचे आहे. तो चित्रपट बाजूला काढला तर देवेन वर्मांच्या वाट्याला नायकाचा मित्र, नोकर नाहीतर कोणाचे तरी काका अशाच भूमिका उरतात. मेहमूद यांचे नाव जाहिरातीत नायकाच्या बरोबरीने असे आणि लोक त्यांच्यासाठी रांगेत उभे राहत. देवेन वर्मांसाठी कोणी तिकीट काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही. यादी प्रेक्षक बनवतात, पुरस्कार समित्या नव्हेत.

मृण्मयी_ठाणे:

@पिटातला_प्रेक्षक, श्रेय केवळ लेखणीचे असते तर 'दो दूनी चार' चालायला हवा होता. 'अंगूर'सारखीच शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'ची, दोन जुळे मालक आणि त्यांचे दोन जुळे नोकर यांच्या गोंधळाची कथा, लेखक गुलजारच, साल १९६८, प्रमुख भूमिकेत दस्तुरखुद्द किशोरकुमार आणि नोकराच्या दुहेरी भूमिकेत असित सेन. तो आला तसा गेला. चौदा वर्षांनी गुलजार यांनी तीच गोष्ट पुन्हा हाती घेतली, स्वतः दिग्दर्शित केली, आणि आज ती हिंदीतल्या सर्वांत निर्मळ विनोदपटांत गणली जाते. त्याआधी बंगालीत विद्यासागरांनी याच नाटकावरून लिहिलेल्या 'भ्रांतिविलास'वरून १९६३ साली उत्तमकुमार आणि भानू बंदोपाध्याय यांना घेऊन चित्रपट झालाच होता, म्हणजे कथा काही नवी नव्हती.

असित सेन हे गुणी नट होते, पण रेंगाळत बोलण्याची त्यांची लकब इतकी ठरलेली होती की ते तोंड उघडण्याआधीच प्रेक्षक हसण्याच्या तयारीला लागत. या कथेत ते चालत नाही. नोकर स्वतःला गमतीदार समजत नाही, तो बिचारा रोजचे काम करत असतो आणि बाकीचे जग अचानक वेड्यासारखे वागू लागते. हे देवेन वर्मांना पुरेपूर उमगले होते.

कॅमेरा_कोन:

वरच्या प्रतिसादाला तांत्रिक बाजूने थोडी जोड देतो. १९८२ साली दुहेरी भूमिकेचे चित्रण म्हणजे मोठी यातायात होती. चौकटीचा अर्धा भाग झाकून एकदा चित्रण करायचे, फीत मागे घेऊन दुसऱ्या अर्ध्या भागावर पुन्हा चित्रण करायचे, आणि नटाने दोन्ही वेळा रिकाम्या जागेकडे पाहून योग्य क्षणी थांबून बोलायचे. 'अंगूर'मध्ये अशी दृश्ये मोजकीच आहेत, कारण कथेच्या गरजेनुसार दोन्ही जोड्या शेवटपर्यंत समोरासमोर येत नाहीत. वरवर पाहता हे सोयीचे वाटते, पण त्यामुळे सगळा भार नटांवर येतो. एकाच गावात दोन अशोक (मालक) आणि दोन बहादूर (नोकर) फिरत आहेत, नावेही सारखीच आहेत, आणि तरीही समोर कोण उभा आहे हे पडद्यावरच्या पात्रांना कळता कामा नये आणि प्रेक्षकांना मात्र तत्काळ कळले पाहिजे.

संजीवकुमार यांच्याकडे यासाठी एक भक्कम आधार होता: बाहेरगावाहून आलेला अशोक रहस्यकथा वाचून संशयी झालेला आहे आणि त्याला जागोजागी आपल्या पैशांवर टपलेली टोळी दिसते. देवेन वर्मांकडे असा ठळक आधार नव्हता. त्यांचा एक बहादूर संसारी आहे आणि दुसरा सडाफटिंग, एवढाच काय तो फरक. संसारी बहादूर घरातल्या माणसांशी थोडा सलगीने वागतो, घर आपलेच असल्यासारखा वावरतो. पाहुणा बहादूर सारखा मालकाच्या तोंडाकडे पाहत असतो, कारण परक्या गावात त्याला दुसरा आधार नाही. पुढच्या वेळी चित्रपट पाहताना त्यांची नजर कुठे जाते तेवढे पाहा.

दोराचा प्रसंगही लक्षात घेण्यासारखा आहे. मूळ नाटकातही मालक नोकराला दोर आणायला पाठवतो, पण तिथे ते कथानक पुढे सरकवण्याचे निमित्त आहे. इथे दुकानदाराशी होणाऱ्या संवादाचा एक स्वतंत्र प्रवेशच उभा राहतो, आणि देवेन वर्मा त्यात एकदाही आवाज चढवत नाहीत.

गंभीरराव:

माझ्याकडे दोन बहादूर असते तर एकाला दोर आणायला पाठवले असते आणि दुसऱ्याला या धाग्यावर पिटातल्या प्रेक्षकांशी वाद घालायला.

जुना_प्रेक्षक:

चर्चा 'अंगूर'भोवतीच फिरू लागली आहे, म्हणून थोडे मागे जातो.

देवेन वर्मा आले तेव्हा हिंदी चित्रपटांत विनोदी नटासाठी वेगळे दालन असे. मुख्य कथा थांबायची, विनोदी नटाची स्वतःची प्रेयसी असायची, स्वतःचे गाणे असायचे. जॉनी वॉकर यांच्यावर चित्रित झालेले 'सर जो तेरा चकराए' आजही गुणगुणले जाते ते या पद्धतीमुळेच. देवेन वर्मा या काळाच्या अखेरीस आले. शिवाय सुरुवातीला त्यांना विनोदी नट म्हणून कोणी पक्के बसवलेलेही नव्हते. १९६६ चा 'देवर' ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्यातला सुरेश आठवेल. लग्न ठरलेल्या दोघांनी एकमेकांसाठी मुलगी पाहून पत्राने कळवायचे ठरते आणि सुरेश खोटे लिहून धर्मेंद्रचे आयुष्य नासवतो. सगळ्या शोकांतिकेचे मूळ तो आहे, आणि ती भूमिका देवेन वर्मांनी कोठेही खलनायकी थाटात केलेली नाही. चारचौघांसारखा दिसणारा माणूस हसतमुखाने केवढे नुकसान करू शकतो हे त्यात दिसते.

१९७१ च्या हृषीकेश मुखर्जींच्या 'बुढ्ढा मिल गया'मध्ये नवीन निश्चल यांच्याबरोबरचा बेकार मित्र भोला त्यांनी केला. तिथपासून त्यांची विनोदाची रीत ठरत गेली असे मला वाटते. ओमप्रकाश यांचा गूढ म्हातारा घरात आल्यावर नायक प्रेमात पडायला मोकळा होतो, आणि म्हाताऱ्याला घाबरण्याचे काम एकट्या भोलावर येऊन पडते. त्या भीतीवर चित्रपटातला बराचसा विनोद उभा आहे.

सत्तरच्या दशकात मात्र मोठ्या चित्रपटांतले विनोदाचे दालनच बंद पडले, कारण नायक स्वतः हसवू लागला. 'अमर अकबर अँथनी'मध्ये आरशासमोर स्वतःच्याच प्रतिबिंबाला मलमपट्टी करणारे अमिताभ बच्चन असताना निराळा विनोदी नट घेऊन करायचे काय? मेहमूद यांचा जोर ओसरला तो याच सुमारास. देवेन वर्मा टिकले, कारण हृषीकेश मुखर्जी, बासू चटर्जी, गुलजार यांच्या चित्रपटांत कथा थांबवणाऱ्या विनोदाची गरज नव्हती आणि कथेत मिसळणाऱ्या माणसाची होती.

सदाफुली:

जुना_प्रेक्षक यांच्याशी पूर्ण सहमत आहे, पण एक खटकणारी गोष्ट मांडते. पहिला पुरस्कार ज्या भूमिकेसाठी मिळाला तो 'चोरी मेरा काम'मधला प्रवीणभाई हा गुजराती प्रकाशक आहे. चोऱ्या कशा कराव्यात याचे पुस्तक छापून गब्बर होण्याची स्वप्ने पाहणारा हा माणूस गमतीदार आहे हे मान्य, तरीही हिंदी चित्रपटांत गुजराती म्हटला की पैशांमागे धावणारा, दाक्षिणात्य म्हटला की विचित्र हिंदी बोलणारा आणि मराठी म्हटली की नऊवारी नेसून धुणीभांडी करणारी बाई, या साच्यांना अशा भूमिकांनी हातभारच लावला ना?

वऱ्हाडी_पाहुणा:

साच्यांबद्दलची तक्रार रास्त आहे. धुणीभांडीवाल्या गंगूबाईने आम्हालाही पुष्कळ छळले आहे. मात्र प्रवीणभाईला त्या रांगेत बसवू नये. देवेन वर्मा स्वतः कच्छी घराण्यातले, त्यामुळे ती बोली त्यांनी बाहेरून चिकटवलेली वाटत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रवीणभाई मूर्ख नाही. चोरांच्या त्या चित्रपटात कायदेशीर धंदा करणारा तो एकटाच आहे, आणि चोरांपेक्षाही त्याचा हिशेब पक्का आहे.

मराठी पात्रांचा विषय निघालाच आहे तर 'रंग बिरंगी'तले इन्स्पेक्टर धुरंधर भाटवडेकर विसरता येतील का? उत्पल दत्त यांच्यासारख्या बंगाली नटाने केलेला तो मराठी पोलीस अधिकारी हास्यास्पद असूनही त्याचा आब कुठे सुटत नाही. आणि त्याच चित्रपटात देवेन वर्मांचा रवी कपूर आहे, ज्याच्याबद्दल इथे अजून कोणी लिहिलेले नाही. मित्राचा संसार निरस झाला आहे असे ठरवून तो 'पती पत्नी और वो'चे कथानक त्याच्या घरात प्रत्यक्ष घडवायला निघतो. सगळी गुंतागुंत त्याची करणी आहे, अमोल पालेकर, परवीन बाबी, फारुख शेख, दीप्ती नवल सगळे त्याच्या तालावर नाचतात, आणि तो स्वतः अगदी निरागस चेहऱ्याने समाजसेवा केल्याच्या आविर्भावात वावरतो. या चित्रपटासाठी पुरस्कार उत्पल दत्त यांना मिळाला, पण रवी कपूरशिवाय भाटवडेकरांना चौकशी करायला काही उरलेच नसते.

पिटातला_प्रेक्षक:

वऱ्हाडी_पाहुणा, 'रंग बिरंगी'चा मुद्दा मान्य. पण मग मला एक सांगा. देवेन वर्मा निर्माते आणि दिग्दर्शकही होते. विनोदावर त्यांचा इतका विश्वास होता, तर निर्माता म्हणून त्यांनी 'यकीन' (१९६९) हा धर्मेंद्रचा दुहेरी भूमिकेतला हेरगिरीपट का काढला, आणि 'बेशरम' (१९७८) दिग्दर्शित करताना अमिताभ बच्चन आणि अमजद खान यांना घेऊन सूडकथा का निवडली? ज्याच्या हाती सगळी सूत्रे होती त्याने स्वतःच विनोदाला दुय्यम ठेवले, मग आम्ही प्रेक्षकांनीच काय घोडे मारले?

जुना_प्रेक्षक:

निर्मात्याला व्याज भरावे लागते, हे त्याचे साधे उत्तर आहे. १९६९ साली धर्मेंद्र आणि शर्मिला टागोर यांना घेऊन काढलेल्या चित्रपटाला वितरक मिळत होते. त्या पैशांवर आणि त्या नावावर त्यांनी पुढे 'नादान' दिग्दर्शित केला आणि नंतर १९७३ मध्ये 'बडा कबूतर' हा विनोदी चित्रपट केला, ज्यात सासरे अशोककुमार आहेत. प्रयत्न केला नाही असे म्हणता येणार नाही. तो चालला नाही, ही गोष्ट वेगळी.

यातली मला आवडणारी बाब अशी की हाती सूत्रे असूनही त्यांनी स्वतःला नायक करून घेण्याचा हट्ट धरला नाही. विनोदी नटाच्या हाती पैसा आला की तो आधी स्वतःसाठी नायकाची भूमिका लिहवून घेतो, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे.

मृण्मयी_ठाणे:

सासरे-जावई म्हटल्यावर 'खट्टा मीठा' (१९७८) आठवला. बासू चटर्जींच्या या पारशी कुटुंबाच्या चित्रपटात अशोककुमार, त्यांची कन्या प्रीती गांगुली आणि जावई देवेन वर्मा असे तिघेही आहेत. कुटुंबाच्या चित्रपटात खरोखरच अर्धे कुटुंब.

गंभीरराव:

सासऱ्यासमोर विनोद करून दाखवणाऱ्या जावयाला फिल्मफेअर नव्हे, शौर्यपदक द्यायला हवे होते.

न्यूजर्सीकर:

आमच्या घरी मुलांना देवेन वर्मा माहीत आहेत ते एकाच कारणाने, 'अंदाज अपना अपना' (१९९४). आमीर खानच्या वडिलांची, मुरली मनोहर या न्हाव्याची भूमिका त्यांनी केली आहे आणि सलमानचे वडील जगदीप आहेत. ज्या पिढीला विनोदी अभिनयाच्या दोन तऱ्हा समजावून सांगायच्या असतील त्यांना हे दोन बाप दाखवावेत. जगदीप आवाज, हात, भुवया सगळे कामाला लावतात आणि धमाल उडवतात. देवेन वर्मांचा बाप मुळातच दमलेला आहे. या पोराकडून काही चांगले घडणार नाही हे त्याला केव्हाच कळून चुकले आहे, आणि आता फक्त नुकसान किती झाले एवढेच तो विचारतो. मुले सुरुवातीला जगदीप यांना हसत. मोठी झाल्यावर ती न्हाव्याला हसू लागली. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा पडला होता आणि नंतर डोक्यावर घेतला गेला हे सर्वांना ठाऊक आहेच.

कॅमेरा_कोन:

'त्यांना कोणी ओळखत नव्हते' असा सूर वर थोडा उमटला आहे, त्याला 'गोलमाल' (१९७९) हे उत्तर आहे. त्यात ते देवेन वर्मा म्हणूनच येतात. नायक रामप्रसादचा मित्र चित्रपटात काम करणारा नट आहे आणि त्याचे नाव देवेन वर्मा. हृषीकेश मुखर्जींनी त्यांना कोणतेही पात्र न देता स्वतःच्या नावाने उभे केले, कारण तो चेहरा दिसताच प्रेक्षक ओळखणार याची त्यांना खात्री होती. आणि पाहा, खऱ्या नावाने वावरतानाही ते जराही 'नट' वाटत नाहीत. अडलेल्या मित्राला मदत करणारा कोणीही शेजारी असावा तसे वाटतात.

सदाफुली:

धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न मागे पडला आहे, म्हणून त्याचे मला सुचलेले उत्तर देते.

आपल्या याद्या बनतात त्या नकलांवरून. ऑर्केस्ट्रा, गॅदरिंग, गणेशोत्सवातले करमणुकीचे कार्यक्रम, नंतर दूरचित्रवाणीवरचे विनोदी कार्यक्रम, या सगळ्यांनी विनोदी नटांना पुढच्या पिढीपर्यंत पोचवले. जॉनी वॉकर यांचा अनुनासिक आवाज काढता येतो, 'पडोसन'मधले मेहमूद करता येतात, 'शोले'तला असरानींचा जेलर शाळकरी मुलगाही करतो, केष्टो मुखर्जींचा दारुडा तर कोणालाही जमतो. देवेन वर्मांची नक्कल करून दाखवा म्हटले तर काय दाखवणार? त्यांना ठरलेली लकब नव्हती, टाळीचे वाक्य नव्हते, खास पोशाख नव्हता. 'अंगूर'मधला भांगेच्या भज्यांनंतरचा बहादूर आणि त्याचे 'प्रीतम आन मिलो' एवढाच एक तुकडा वेगळा काढता येतो, आणि म्हणून आपल्याला तेवढाच आठवतो. बाकीचे सगळे काम त्या त्या प्रसंगाला इतके जखडलेले आहे की प्रसंगातून सोडवले की ते संपते.

फिल्मफेअरने विनोदी अभिनयाचा विभाग १९६७ ते २००७ असा चाळीस वर्षे चालवला आणि मग बंद केला. तो विभाग असताना अशा नटाची निदान दखल तरी घेतली जात होती.

पिटातला_प्रेक्षक:

सदाफुली, निदान चांगले केलेत, पण त्यातून निष्कर्ष माझा निघतो. नक्कल करावीशी वाटणे ही प्रेक्षकांनी दिलेली पावतीच आहे. मेहमूद रस्त्यावरच्या माणसापर्यंत पोचले, देवेन वर्मा दिवाणखान्यापर्यंत. दोघांनाही मान द्यावा, पण क्रम लावायचा तर मी मेहमूद यांनाच वर ठेवणार.

वऱ्हाडी_पाहुणा:

दिवाणखान्यात म्हणाल तर दूरदर्शनच्या दिवसांत आमच्या दिवाणखान्यात अर्धी गल्ली बसत असे.

शब्दांकित (धागाकर्ता):

सर्वांचे आभार. सदाफुली यांचे उत्तर मला सर्वांत जवळचे वाटले. पिटातला_प्रेक्षक यांच्या क्रमवारीशी मात्र माझे जमणार नाही. चर्चेत राहून गेलेली एक गोष्ट जोडतो. 'धर्मपुत्र' हा यश चोप्रांचा १९६१ चा चित्रपट. त्याच दिग्दर्शकाने त्यांना 'सिलसिला'त घेतले आणि १९९७ साली 'दिल तो पागल है'मध्येही घेतले. भूमिका लहानच होत्या, पण छत्तीस वर्षांच्या अंतराने तोच दिग्दर्शक त्याच नटाला बोलावतो तेव्हा त्यामागे केवळ जुनी ओळख नसते. नव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी काम जवळजवळ थांबवले आणि पुण्यात निवांत राहिले.

'बडा कबूतर'ची स्वच्छ प्रत कोणाच्या पाहण्यात असेल तर कृपया कळवावे. मला मिळाली तिच्यात आवाज एका बाजूला आणि ओठ दुसऱ्या बाजूला चालले होते.

पिटातला_प्रेक्षक:

प्रत मिळाली तर मलाही सांगा, पाहायला माझी हरकत नाही. तोवर मेहमूद पहिले.